डिस्क झोपते, पण तिला उठवतं कोण?

उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ आहे. कालभैरवाचं देऊळ, सिद्धवट, मध्यवर्ती तुरुंग आणि मेण लावून रंगवलेलं कापड ही या वस्तीची ओळख. उज्जैनच्या बाटिक छपाईला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा जागी साठवून ठेवण्यासारखं पुष्कळ असतं. छिपा कारागिरांच्या घरातल्या जुन्या नक्ष्या, गिऱ्हाइकांना पाठवलेल्या चादरींचे फोटो, दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या एखाद्या मराठी घरात मोडी कागदांचं दप्तरही निघतं. ते स्कॅन करायला घेतलं, तर ए-फोर आकाराचं एक रंगीत पान ६०० डीपीआयला, काहीही न दाबता, साधारण १०० एमबी भरतं. पाच हजार पानं झाली की अर्धा टीबी संपला.

मग घरातला जुना डेस्कटॉप कोपऱ्यात लावायचा, त्यात दोन-चार हार्ड डिस्क बसवायच्या, लिनक्स टाकायचं आणि तो चोवीस तास चालू ठेवायचा, असा बेत ठरतो. होम सर्व्हर म्हणतात तो हाच. तो सुरू झाल्यावर महिन्याभरात एक प्रश्न हटकून पुढे येतो. रात्रभर कोणी फाइल मागत नाही, तरी डिस्कच्या चकत्या फिरतच असतात. त्या थांबवाव्यात का?

हा वाद जुना आहे, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून घातला जातो. एक बाजू म्हणते, मोटर सतत फिरली की झिजते. दुसरी म्हणते, बंद-चालू करण्यानेच जास्त झिजते. दोघंही डिस्कच्या आयुष्याबद्दल बोलतात. डिस्क थांबल्यावर तिला पुन्हा जागं कोण करतं, याची चौकशी मात्र फार थोडे करतात. सगळी मेख तिथेच आहे.

हार्ड डिस्क जन्मली तीच सतत फिरणारी म्हणून. आयबीएमने १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या रॅमॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या मिनिटाला १२०० फेरे घेत, आणि त्यांवर मावत ५० लाख अक्षरं. ते यंत्र कचेरीचं होतं. त्याला झोपवावं असं कोणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. चकती थांबवण्याची गरज लॅपटॉपने आणली, कारण तिथे बॅटरी होती. पुढे मोठ्या साठवणुकीच्या धंद्यालाही ती पटली. २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या डेनिस कोलारेली आणि डर्क ग्रुनवाल्ड यांनी ‘मेड’ नावाची रचना मांडली. डिस्क शेकडो असतील, पण फिरतील मोजक्या. बाकीच्या मागणी आल्यावरच जाग्या होतील. कोपान सिस्टिम्स या कंपनीने त्यावर यंत्रं विकली. ती फार चालली नाहीत आणि २०१० मध्ये कंपनीची मालमत्ता एसजीआयने घेतली. कल्पना मात्र मेली नाही. लोकांचे जुने, क्वचितच उघडले जाणारे फोटो ठेवण्यासाठी फेसबुकने २०१३ च्या सुमारास जी थंड साठवण उभारली, तिच्या एका ट्रेमध्ये १५ डिस्क होत्या आणि एका वेळी त्यांतली एकच चालू राही.

डिस्क झोपते म्हणजे नेमकं काय होतं? दोन वेगळ्या गोष्टी इथे एकाच नावाने खपतात आणि त्यातून गोंधळ होतो. पहिली हलकी झोप. चकती फिरतच राहते, फक्त हेड पृष्ठभागावरून उचलून बाजूच्या उतारावर नेऊन ठेवलं जातं. दुसरी गाढ झोप, तिच्यात मोटरच थांबते. पहिल्या प्रकाराची मोजणी ‘लोड-अनलोड’ या नावाने होते आणि घरगुती डिस्कचे उत्पादक ३ लाख, नाससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीसाठीच्या डिस्कचे उत्पादक ६ लाख वेळांची हमी सांगतात. मोटर थांबण्या-सुरू होण्याचा आकडा पूर्वी ५० हजारांच्या आसपास दिला जाई. ही मर्यादा जुन्या काळी खरोखरच घट्ट होती, कारण तेव्हा हेड थेट चकतीवरच उतरत असे आणि कधीकधी तिथेच चिकटून बसे. उतारावर हेड ठेवण्याची पद्धत आल्यावर ते भय बरंच मावळलं.

हलकी झोप निरुपद्रवी वाटते, पण सगळ्यात मोठा घोटाळा तिनेच केला. वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ मालिकेतल्या डिस्क केवळ ८ सेकंद काम नसलं की हेड उचलून ठेवत. विंडोजच्या डेस्कटॉपवर ते चालून गेलं. लिनक्सवर दर काही सेकंदांनी कुठली तरी नोंद लिहिली जाते. समजा, दर अर्ध्या मिनिटाला एक नोंद पडते. मग हेड दिवसातून २,८८० वेळा उतरणार-चढणार, आणि ३ लाखांची मर्यादा साडेतीन महिन्यांत संपणार. लोकांना मग खास साधन वापरून डिस्कच्या आतला तो ८ सेकंदांचा आकडा बदलावा लागला. उबुंटूच्या लॅपटॉपवरही २००७ च्या आगेमागे अशाच तक्रारींचा पूर आला होता. तिथे दोष डिस्कच्या आखूड वेळेचा, की सतत लिहिणाऱ्या प्रणालीचा, यावर बरीच हमरीतुमरी झाली. खरं तर दोष दोघांच्या जोडीचा होता.

चालू-बंद करण्याने डिस्क मरते का, याचं मोठं सर्वेक्षण म्हणून २००७ चा गूगलचा अभ्यास पुढे केला जातो. एदुआर्दो पिन्हेरो, वुल्फ-डिट्रिच वेबर आणि लुईझ आंद्रे बारोझो यांनी एक लाखाहून जास्त डिस्कच्या नोंदी तपासल्या. दोन वर्षांपर्यंतच्या डिस्कमध्ये चालू-बंदचा आणि बिघाडाचा ठळक संबंध दिसला नाही. तीन वर्षांवरच्या डिस्कमध्ये जास्त वेळा चालू-बंद झालेल्यांचा बिघाडाचा दर दोन टक्के-बिंदूंहून अधिक वाढलेला दिसला. पण तो वयापेक्षा निवडलेल्या डिस्कच्या मिश्रणामुळे असावा, असं लेखकांनीच म्हटलं. या अभ्यासाचा आधार घेताना एक भान हवं. त्या डिस्क सदोदित चालणाऱ्या सर्व्हरमधल्या होत्या. दिवसातून तीस वेळा झोपणाऱ्या घरगुती डिस्कबद्दल तो अभ्यास फारसं काही सांगत नाही. तरीही ‘बंद-चालू केलं की डिस्क गेलीच’ हा ठाम सूर त्याने बराच खाली आणला.

पैशांचं गणित बघावं तर तेही दोन्ही बाजूंना वाटतं तसं नाही. वेस्टर्न डिजिटलच्या ४ टीबीच्या जुन्या ‘रेड’ डिस्कचा कागदावरचा खप रिकामी फिरताना ३.३ वॅट आणि झोपेत ०.४ वॅट. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या मोठ्या डिस्क त्याहून जास्त घेतात. सरासरी ४ वॅटची बचत धरू. चार डिस्क दिवसाचे २० तास झोपल्या, तर महिन्याला साडेनऊ युनिट वाचतात. युनिटला ७ रुपये धरले, तर वर्षाचे आठशे रुपये. एकच डिस्क असेल तर दोनशे. त्यासाठी रात्र रात्र जागून सेटिंग करावी, इतकी ही रक्कम मोठी नाही. जुना डेस्कटॉप नुसता बसल्या बसल्या ४० वॅट ओढत असेल आणि त्याच्या जागी १० वॅटचा छोटा पीसी आला, तर महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात. म्हणजे डिस्क झोपवण्याच्या दुपटीहून जास्त.

मध्य प्रदेशात मात्र या हिशोबाला एक वळण आहे. घरगुती ग्राहकाचा महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला, तर अटल गृह ज्योती योजनेत पहिली १०० युनिटं १०० रुपयांत पडतात. दीडशेची रेघ ओलांडली की सवलत जाते. १४५ युनिटांवर चाललेल्या घरात सर्व्हर आला, तर त्याची किंमत त्याच्या स्वतःच्या युनिटांपुरती राहत नाही. अशा घराला साडेनऊ युनिटांचं मोल पुणेकरापेक्षा वेगळं.

उन्हाळा हे त्याहून सबळ कारण. मे महिन्यात उज्जैनचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. कूलर नसलेल्या खोलीत ४२ अंश आणि पेटीच्या आत आणखी दहा अंश, की डिस्क पन्नाशीपलीकडे जाते. बहुतेक डिस्क ६० किंवा ६५ अंशांपर्यंत चालवाव्यात असं उत्पादक सांगतात, म्हणजे हाताशी फार काही उरत नाही. गूगलच्या त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम एरवी लोकांच्या समजुतीपेक्षा कमी निघाला, पण तीन-चार वर्षं जुन्या डिस्क फार तापल्या तर त्यांचा बिघाड वाढलेला दिसला. घरगुती सर्व्हरमधल्या डिस्क बहुधा त्याच वयाच्या असतात. दुपारी कोणी वापरत नसताना चकत्या थांबल्या, तर पेटीतली उष्णतेची निर्मितीच घटते.

शिवाय वीज जाते. वीज तुटली की फिरती डिस्क चकतीच्या उरलेल्या गतीतूनच थोडी वीज बनवते आणि तिच्या जोरावर हेड घाईघाईने उतारावर फेकते. ही घाई नेहमीच्या शांत हालचालीपेक्षा कठोर, म्हणून डिस्क तिची वेगळी मोजदाद ठेवते. झोपलेल्या डिस्कचं हेड आधीच जागेवर असतं. इन्व्हर्टरही तितकाच जास्त वेळ पुरतो. आवाजाचं वेगळं सांगायला नको. एका खोलीच्या घरात हाच मुद्दा पहिला येईल.

तरीही भैरवगढच्याच एका दुकानात डिस्क झोपवणं साफ चुकीचं ठरेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकालेश्वर मंदिराजवळचं महाकाल लोक संकुल खुलं झाल्यापासून कालभैरवाच्या रस्त्यावर वर्दळ वाढली, आणि दुकानांवर कॅमेरे आले. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने लिहीत असतील, तर दिवसाला ८६ जीबी भरतात आणि लिहिणं क्षणभरही थांबत नाही. त्या डिस्कला झोप कशी लागणार? बरेचजण पैसे वाचवायला नक्ष्यांचा संग्रह आणि कॅमेऱ्याचं चित्रण एकाच मोठ्या डिस्कवर ठेवतात. मग वर्षातून चारदा उघडायच्या फोटोंसाठीही चकती अहोरात्र फिरते. चित्रणाला वेगळी, त्याच कामासाठी बनवलेली डिस्क द्यावी आणि ती कधीच झोपवू नये.

आता मूळ प्रश्न. कॅमेरे नाहीत, कोणी फाइल मागितली नाही, वेळ वीस मिनिटांची लावली आहे, तरी डिस्क झोपत नाही. किंवा झोपते आणि पाच मिनिटांत उठते. हे दुसरं सगळ्यात वाईट. कारण त्यात वीज वाचत नाही आणि मोटरला दिवसभर उठाबशा काढाव्या लागतात.

बहुतेक घरांत गुन्हेगार एकच असतो: प्रणाली आणि साठवण एकाच चकतीवर आहे. लिनक्सचं जर्नल नोंदी लिहीत राहतं. ईएक्सटी-४ ही फाइल प्रणाली मूळ सेटिंगनुसार दर पाच सेकंदांनी बदल डिस्कवर उतरवते. फोटोंचा किंवा चित्रपटांचा संग्रह दाखवणारे प्रोग्राम आपापले डेटाबेस चाळत बसतात. डॉकरमधला प्रत्येक डबा स्वतःची नोंद वेगळी लिहितो. रोजच्या किराणा-दुधाच्या हिशोबाची वही दागिन्यांच्या तिजोरीत ठेवली, तर तिजोरी दिवसभर उघडीच राहील.

बाजारातल्या तयार प्रणालींनी या बाबतीत वेगवेगळे रस्ते धरले, आणि कोणाच्या डिस्क नीट झोपतात हे त्या रस्त्यांवरूनच ओळखता येतं. सिनॉलॉजीचं डीएसएम स्वतःला आतल्या प्रत्येक हार्ड डिस्कवर थोडी जागा घेऊन एकसारखं बसवतं. एखादी डिस्क गेली तरी यंत्र उठतं, हा त्याचा मोठा फायदा. पण प्रणालीने एक ओळ लिहिली की सगळ्या चकत्यांना दवंडी जाते. अनरेड नेमका उलटा. तो पेनड्राइव्हवरून उठतो, मेमरीत राहतो, प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र फाइल प्रणाली ठेवतो. एक चित्रपट पाहताना एकच डिस्क जागी होते. लिहिताना मात्र पॅरिटीची, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरचा मजकूर परत उभा करणारी डिस्कही उठते, म्हणून लोक आधी एसएसडीवर लिहितात आणि रात्री एकदाच सगळं हलवतात. ओपनमीडियाव्हॉल्ट २०११ पासून आहे, डेबियनवर उभं आहे आणि प्रणालीसाठी वेगळी डिस्क हवी असा त्याचा आग्रह असतो. फ्रीनास २००५ मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाब्बे यांनी सुरू केलं, त्याचं आजचं नाव ट्रूनास. त्यात प्रणालीच्या कामाच्या नोंदींचा एक साठा पहिल्या तयार केलेल्या डिस्कसमूहावर जाऊन बसतो. तो उचलून एसएसडीवर नेला नाही, तर झोपेचं बाकीचं सगळं सेटिंग वाया जातं. झेडएफएस फाइल प्रणालीत किंवा साध्या रेड (RAID) रचनेत एका फाइलचे तुकडे अनेक डिस्कवर विखुरलेले असतात, म्हणून तिथे झोप सगळ्यांना मिळून किंवा कोणालाच नाही. घरातला साठा मुख्यतः वाचण्यासाठी असेल, तर रेडपेक्षा मर्जर-एफएस आणि स्नॅपरेड यांची जोडी जास्त शहाणपणाची. डिस्क सुट्या राहतात आणि पॅरिटीचं काम ठरल्या वेळी होतं.

स्वतः बांधलेल्या यंत्रात क्रम असा असावा, की झोपेची वेळ सगळ्यात शेवटी लावायची. आधी १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी घ्यावी. प्रणाली, नोंदी, डेटाबेस, लहान चित्रं आणि डाउनलोड तिच्यावर न्यावेत. रास्पबेरी पायवाल्यांनी इथे सावध राहावं. मेमरी कार्डावर सतत नोंदी लिहिल्या तर ते कार्डच मरतं. नोंदी मेमरीत ठेवून ठराविक वेळाने उतरवणारी साधनं त्यासाठीच आहेत. मग मोठ्या डिस्क ‘नोएटाइम’ पर्यायाने जोडाव्यात, म्हणजे नुसती फाइल वाचल्यावर वाचण्याची वेळ लिहायला प्रणाली धावणार नाही. २००९ पासून लिनक्सने यातला बराचसा त्रास आपणहून कमी केला आहे, पण सगळा नाही.

एवढं करूनही डिस्क उठत असेल, तर कोण कुठल्या फाइलला हात लावतो हे दाखवणारं ‘फॅट्रेस’ तासभर चालवून ठेवावं. बऱ्याचदा जो सापडतो तो भलताच सज्जन असतो: डिस्कची तब्येत बघणारा स्मार्टडी. दर अर्ध्या तासाने तो नाडी बघायला येतो आणि झोपलेल्या रुग्णाला उठवतो. ‘झोपली असेल तर जाऊ दे’ असा एक पर्याय त्याच्यात आहे. तो एका ओळीत लावता येतो. तापमानाचे आलेख काढणारी साधनं, खिडक्या उघडताच सगळे ड्राइव्ह चाळणारा विंडोजचा संगणक आणि स्मार्ट टीव्ही यांच्यावरही संशय घ्यावा.

यानंतर झोपेची वेळ लावणारं साधन, एचडीपार्म. त्यात झोपेचा आकडा घालताना पुष्कळजण फसतात, कारण आकड्याचा अर्थ मधेच बदलतो. १ ते २४० पर्यंत एक आकडा म्हणजे पाच सेकंद, म्हणून २४० म्हणजे वीस मिनिटं. त्यापुढे २४१ म्हणजे एकदम अर्धा तास आणि २४२ म्हणजे एक तास. काही नव्या डिस्क हे ऐकतच नाहीत. त्यांचे स्वतःचे वीजनियम असतात आणि ते उत्पादकाच्या साधनाने बदलावे लागतात. यूएसबीचा डबा तर अनेकदा एचडीपार्मचा निरोप आतल्या डिस्कपर्यंत पोचूच देत नाही. तिथे एचडी-आयडल कामाला येतं. ते लिनक्सच्या आकडेवारीतून डिस्कची हालचाल स्वतः मोजतं आणि वेळ भरली की तिला थांबायला सांगतं.

वेळ किती लावावी? आठ सेकंदांचा धडा आठवला की आखूड वेळेचा मोह आवरतो. दहा मिनिटांत झोपणारी आणि दिवसातून तीस वेळा उठणारी डिस्क वर्षाला जवळपास ११ हजार वेळा थांबते. एक तासाची वेळ लावली, तर संध्याकाळचा वापर संपेपर्यंत ती जागी राहते आणि दिवसातून दोन-तीनदाच थांबते. बचतीत फरक नगण्य पडतो. म्हणून एक तास. उठायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तेवढा वेळ टीव्हीवर गोल फिरणारं चिन्ह दिसेल. घरच्यांना ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. सुरुवातीच्या क्षणी एक डिस्क १२ व्होल्टच्या तारेतून साधारण २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट ओढते. चार डिस्क एकदम उठल्या तर जवळपास शंभर वॅट झाले, आणि ६० वॅटच्या अडॅप्टरवर चालणारा डबा तिथेच मान टाकतो. बिघाड डिस्कचा वाटतो, असतो अडॅप्टरचा.

डिस्क विकत घेतानाही एक गोष्ट तपासावी. काही डिस्कमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यांना एसएमआर म्हणतात. त्या आधी एका बाजूला घाईने लिहून घेतात आणि रिकाम्या वेळात आतल्या आत नीट मांडतात. तो रिकामा वेळच झोपेने खाल्ला, तर पुढचं लिहिणं रखडतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेत असे पट्टे न सांगता घातल्याचं उघड झालं, तेव्हापासून खोक्यावरचं नाव पुरेसं नाही. मॉडेल क्रमांक बघावा लागतो.

बाटिकच्या घरांसाठी आणखी एक. साध्या डिस्कला हवेचा दाब सारखा ठेवायला गाळणी लावलेलं बारीक भोक असतं. हीलियम भरलेल्या डिस्क २०१३ पासून आल्या, त्या पूर्ण बंद असतात. पण मेण वितळवण्याच्या आणि रंग उकळण्याच्या खोलीतली वाफ सर्किट आणि जोडण्यांनाही सोसत नाही, त्यामुळे महागडी हीलियमची डिस्क घेण्यापेक्षा सर्व्हरच दुसऱ्या खोलीत नेणं स्वस्त.

झोप लावून झाल्यावर डिस्कला विसरून जाऊ नये. महिन्यातून एकदा तिला मुद्दाम उठवून लांब चाचणी लावावी आणि पॅरिटी तपासून घ्यावी; एखादा खराब झालेला भाग नाहीतर वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्या ‘स्मार्ट’च्या तक्त्यात चार क्रमांकावर मोटर किती वेळा सुरू झाली ते दिसतं, १९२ वर वीज गेल्याने हेड किती वेळा घाईने परतलं ते, १९३ वर हेडची ये-जा आणि १९४ वर तापमान. पहिल्या आठवड्यात चार आणि १९३ हे आकडे रोज वहीत उतरवावेत. चारचा आकडा दिवसाला पाचाहून जास्त वाढत असेल, तर वेळ बदलण्याआधी पुन्हा फॅट्रेस लावावं. कोणीतरी अजून दार वाजवतं आहे. आणि दहा क्रमांकावर, जिथे मोटर पहिल्या प्रयत्नात न फिरल्याची नोंद होते, शून्य सोडून काहीही दिसलं तर त्याच दिवशी नक्ष्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.